मागेही काही होतं का? : मिशिगनमधल्या मराठी मंडळींना खुलं पत्र

मिशिगनमधल्या सर्व मराठी मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

२०२२ च्या निवडणुकीनंतरचा पहिला शनिवार, १२ नोव्हेंबर. आपल्यातल्याच एका कुटुंबाकडे आम्ही पंधरा-वीस जण जेवायला जमलो होतो. तुळशीचं लग्न नुकतंच झालं होतं, फराळाच्या डब्यांत अजून चकल्या शिल्लक होत्या, आणि यजमानीणबाईंनी खास पेढे वळले होते. श्री ठाणेदार निवडून आले म्हणून. चिकोडीत जन्मलेला, बेळगावात वाढलेला, आपल्यासारखं मराठी बोलणारा माणूस जानेवारीत अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये शपथ घेणार. पेढे वाटायलाच हवेत. मीही आनंदाने खाल्ले.

जेवणं झाल्यावर मी सहज विचारलं, मतपत्रिकेवर हो-नाही म्हणायचे तीन प्रस्ताव होते त्यांवर तुम्ही सगळ्यांनी काय काय विचार केलात? समोर एक काका बसले होते. मुलाकडे राहतात, गेल्या वर्षी नागरिक झाले, अमेरिकेतलं त्यांचं हे पहिलं मतदान. इस्त्रीचा शर्ट घालून सकाळी साडेसातला रांगेत उभे राहिले होते असं त्यांची सून कौतुकाने सांगत होती. काकांनी हातातली वाटी खाली ठेवली आणि विचारलं, "मागेही काही होतं का?"

कुणी हसलं नाही. थोड्या वेळाने आणखी दोघांनी हळूच सांगितलं की मागची बाजू त्यांनीही पाहिली नव्हती. त्यांतले एक वीस वर्षं इथे आहेत, गाड्यांच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत, घराच्या कर्जाचे साठ-साठ पानांचे कागद वाचून सही करणारे. तिसऱ्या एका ताईंनी पान उलटलं होतं, पण इतकी नावं आणि इतका मजकूर पाहून तसंच यंत्रात घातलं.

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. म्हणून हे पत्र.

मी गेली चार वर्षं मतदान केंद्रावर काम करते. भारतात शिक्षकांना, सरकारी नोकरांना इलेक्शन ड्युटी लागते. इथे आपण होऊन नाव द्यायचं असतं. शहराच्या किंवा टाउनशिपच्या क्लार्ककडे अर्ज करायचा, काही तासांचं प्रशिक्षण घ्यायचं, दिवसाचं मानधनही मिळतं. अर्जावर आपण कोणत्या पक्षाकडे झुकतो ते लिहावं लागतं, कारण प्रत्येक केंद्रावर दोन्ही पक्षांची माणसं असावी लागतात. एखाद्या मतदाराला वाचायला मदत हवी असेल तर वेगवेगळ्या पक्षांचे दोघे मिळून त्याच्याजवळ जातात, एकटा कुणी जात नाही. मी कोणत्या बाजूची ते इथे लिहीत नाही. या पत्रात त्याची गरज नाही.

८ नोव्हेंबरला पहाटे सहाला आम्ही एका शाळेच्या जिममध्ये पोचलो. बास्केटबॉलच्या रेघांवर टेबलं मांडली. यंत्रातून शून्याची पट्टी काढली, म्हणजे एकही मत अजून पडलेलं नाही याचा पुरावा, आणि सगळ्यांनी तिच्यावर सह्या केल्या. सातला दार उघडलं तेव्हा बाहेर रांग होती. मतदार आपली मतपत्रिका पुठ्ठ्याच्या पाकिटात झाकून आणतो, आम्ही वरचा क्रमांक ताडून तेवढी पट्टी फाडून घेतो, आणि तो स्वतःच्या हाताने कागद यंत्रात सरकवतो.

आता हे यंत्र काय करतं ते नीट ऐका. जिथे एकालाच मत द्यायचं तिथे दोघांसमोरचे गोल काळे केले असतील तर ते आवाज करतं, कागद परत बाहेर ढकलतं. चूक सुधारायची संधी देतं. पण एखादी जागा कोरी सोडली तर ते काहीच बोलत नाही. तो मतदाराचा हक्क आहे, कुणाला मत द्यायचं नसेल तर नाही दिलं. मागचं पान अख्खं कोरं असलं तरी यंत्र ते मुकाट आत घेतं, पडद्यावरचा आकडा एकाने वाढतो आणि मतदाराला 'मी मतदान केलं'चं स्टिकर मिळतं. मी फक्त प्रत्येकाला कागद देताना म्हणू शकते की दोन्ही बाजू आहेत हं. त्या दिवशी शेकडो वेळा म्हटलं असेन. संध्याकाळपर्यंत घसा बसला.

मागची बाजू का राहते तेही कळतं. आपल्या मतपत्रिकेवर अगदी वर पक्षांची नावं असतात. त्यांतला एक गोल भरला की त्या पक्षाच्या सगळ्या उमेदवारांना मत जातं: गव्हर्नर, सेक्रेटरी ऑफ स्टेट (राज्याच्या निवडणुका सांभाळणारा), अॅटर्नी जनरल, काँग्रेस, स्टेट सिनेट, स्टेट हाऊस, काउंटी कमिशनर, एवढंच काय, विद्यापीठांच्या मंडळांचे सभासदसुद्धा. एका गोलात इतकं काम झाल्यावर माणसाला वाटतं, संपलं. पण न्यायाधीश, स्कूल बोर्ड आणि घटनादुरुस्तीचे प्रस्ताव त्या एका गोलात येत नाहीत. त्यांच्यासमोरचे गोल वेगळे भरावे लागतात. आणि आमच्या भागात ते सगळे मागे होते.

निकाल तपासणाऱ्या राज्याच्या चार जणांच्या मंडळाने २८ नोव्हेंबरला त्यांवर एकमताने शिक्कामोर्तब केलं. ते आकडे आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फारसे फिरले नाहीत, म्हणून थोडक्यात इथे लिहिते. राष्ट्राध्यक्षांच्या चार वर्षांच्या मधोमध येणाऱ्या निवडणुकीत सहसा त्यांच्याच पक्षाला फटका बसतो. देशभरात काहीसं तसंच झालं, वॉशिंग्टनमधलं कनिष्ठ सभागृह रिपब्लिकनांकडे गेलं. मिशिगनमध्ये त्याच दिवशी, त्याच कागदावर, वेगळंच घडलं. गव्हर्नर ग्रेचेन व्हिटमर यांनी ट्यूडर डिक्सन यांना साडेचार लाखांहून जास्त मतांनी हरवलं. जोसेलिन बेन्सन पुन्हा सेक्रेटरी ऑफ स्टेट झाल्या, डेना नेसल पुन्हा अॅटर्नी जनरल. काँग्रेसच्या १३ जागांपैकी ७ डेमोक्रॅटांना, ६ रिपब्लिकनांना. आणि लान्सिंगमध्ये, जिथे आपल्या राज्याचे कायदे होतात, स्टेट हाऊस ५६ विरुद्ध ५४ आणि सिनेट २० विरुद्ध १८. दोन्ही सभागृहं आणि गव्हर्नर एकाच पक्षाकडे, म्हणजे डेमोक्रॅटांकडे, येण्याची वेळ जवळजवळ चाळीस वर्षांनी आली. चव्वेचाळीस लाखांहून जास्त लोकांनी मतदान केलं, मिशिगनच्या कुठल्याही मध्यावधी निवडणुकीपेक्षा जास्त.

हे कुणामुळे झालं याची उत्तरं टीव्हीवर रोज दिली जातात. कुणी व्हिटमरबाईंचं नाव घेतं, कुणी ट्रम्प यांचं. माझ्या मते त्याचं मोठं कारण २०१८ च्या मतपत्रिकेवर होतं. प्रस्तावांच्या त्याच भागात, जो काकांनी पाहिला नाही.

आठवतं का, त्या वर्षीही तीन प्रस्ताव होते. पहिला गांजाचा. चर्चा सगळी त्याचीच. आपल्या पार्ट्यांतही त्याच्यावरच बोलणं व्हायचं. दुसरा प्रस्ताव कोरडा वाटणारा होता: मतदारसंघांच्या सीमा आमदारांनी आखू नयेत, नागरिकांच्या आयोगाने आखाव्यात. महाराष्ट्रात आपण याला प्रभागरचना म्हणतो आणि ती कशी होते, कोणाची गल्ली कुठून कापून कुठे जोडली जाते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. इथे तेच, फक्त मोठ्या प्रमाणावर. २०१८ मध्येच बघा, राज्यभर मिळून स्टेट हाऊस आणि सिनेट दोन्हींसाठी डेमोक्रॅट उमेदवारांना जास्त मतं पडली होती, तरी बहुमत दोन्हीकडे रिपब्लिकनांचं राहिलं, हाऊसमध्ये ५८-५२, सिनेटमध्ये २२-१६. सीमाच तशा होत्या. दुसरा पक्ष सत्तेत असता तर त्यानेही आपल्या सोयीच्या आखल्या असत्या. इतर राज्यांत त्याने आखलेल्या आहेतच.

तो प्रस्ताव कुठल्या पक्षाने आणला नव्हता. २०१६ च्या निवडणुकीनंतर केटी फेही या विशी ओलांडलेल्या मुलीने फेसबुकवर लिहिलं होतं, मला यावर काहीतरी करायचंय, कुणाला सोबत यायचंय का, अशा अर्थाचं. राजकारणाशी तिचा संबंध नव्हता. त्यातून हजारो स्वयंसेवक उभे राहिले, जत्रांतून, हायवेवरच्या विश्रांतिस्थानांतून सह्या गोळा केल्या, सव्वाचार लाखांहून जास्त. नोव्हेंबर २०१८ मध्ये ६१ टक्के लोकांनी होकार दिला. मग १३ जणांचा आयोग आला: ४ डेमोक्रॅट, ४ रिपब्लिकन, ५ कुठल्याच पक्षाचे नसलेले, अर्जदारांतून चिठ्ठ्या काढाव्यात तसे निवडलेले. त्यांनी राज्यभर सुनावण्या घेतल्या आणि २८ डिसेंबर २०२१ ला नवे नकाशे मंजूर केले. यंदाची निवडणूक त्या नकाशांवरची पहिली.

त्या सुनावण्यांत कुणीही जाऊन बोलू शकत होतं. नागरिक असण्याचीही अट नव्हती. आमची वस्ती एकत्र ठेवा, आम्हाला अर्धं इकडे अर्धं तिकडे तोडू नका, असं सांगायला हॅमट्रॅमिकच्या बाजूचे बांगलादेशी लोक गेले, डिअरबॉर्नचे अरब लोक गेले. मी गेले नाही. तेव्हा मला केंद्रावर काम करून तीन वर्षं झाली होती, तरी हे आपलं काम आहे असं मला सुचलंच नाही. याची मला लाज वाटते.

आता ठाणेदारांबद्दल. ते ज्या १३व्या मतदारसंघातून निवडून आले तो याच नव्या नकाशातला. डेट्रॉईटचा बराचसा भाग, हायलंड पार्क, हॅमट्रॅमिक, ग्रॉस पॉइंट, खाली लिंकन पार्क, टेलर. आपण राहतो नोव्हाय, कॅन्टन, अॅन आर्बर, ट्रॉयला. आपल्यातल्या बहुतेकांच्या मतपत्रिकेवर त्यांचं नावच नव्हतं. नोव्हाय-कॅन्टनवाल्यांनी डेबी डिंगेल यांच्या मतदारसंघात मत दिलं, ट्रॉयवाल्यांनी हेली स्टीव्हन्स यांच्या. म्हणजे आपण पेढे वाटले ते अशा निवडणुकीचे जिच्यात आपलं मत नव्हतं, आणि जिच्यात आपलं मत होतं तिचं मागचं पान कोरं सोडलं.

आणि तिथे नोव्हेंबरमध्ये खरी चुरस नव्हतीच. ठाणेदारांना सत्तर टक्क्यांहून जास्त मतं पडली. खरी निवडणूक २ ऑगस्टला झाली, डेमोक्रॅटांच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात. नऊ उमेदवार होते, ठाणेदारांना सुमारे २८ टक्के मतं मिळाली, तेवढी पुरली. प्रचारात त्यांनी स्वतःचे लाखो डॉलर घातले. त्यांनी नियमाप्रमाणे जिंकलं, त्यात काही काळंबेरं नाही. आकरनला पीएचडी करून, कंपनी उभारून, ती मंदीत घालवून, पुन्हा दुसरी उभारणाऱ्या माणसाची जिद्द मला खरंच मोठी वाटते. २०१८ मध्ये गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत तिसरे आले, तरी थांबले नाहीत. २०२० मध्ये स्टेट हाऊसला निवडून आले.

पण त्या विजयाची दुसरी बाजू आपल्या एकाही जेवणात मी ऐकली नाही. डेट्रॉईटमध्ये दर दहांपैकी जवळपास आठ माणसं कृष्णवर्णीय आहेत. चार्ल्स डिग्ज १९५५ मध्ये काँग्रेसमध्ये गेले तेव्हापासून त्या शहराचा कुणी ना कुणी कृष्णवर्णीय प्रतिनिधी वॉशिंग्टनमध्ये सतत होता. येत्या जानेवारीत ती परंपरा खंडित होईल. १९५५ हे ठाणेदारांच्या जन्माचंही वर्ष आहे, म्हणजे त्यांच्या आयुष्याइतकी जुनी ती गोष्ट. ज्या आयोगाचं मी एवढं कौतुक केलं त्याच्याच नकाशांत डेट्रॉईटच्या वस्त्या लांब-लांब पट्ट्यांत कापून उपनगरांना जोडल्या गेल्या आहेत आणि त्याबद्दल तिथले लोक वर्षभर रागाने बोलत आहेत. त्यांचं म्हणणं मला पटतं. राज्याचा तराजू सरळ करताना एका शहराच्या पदरात कमी पडलं.

याच शहराच्या मतांवर दर वेळी बोट ठेवलं जातं. २०२० मध्ये, डेट्रॉईट जिच्यात येतं त्या वेन काउंटीच्या निकाल तपासणाऱ्या मंडळातल्या दोघांनी आधी निकालावर सही करायलाच नकार दिला होता. यंदा क्रिस्टिना करामो या सेक्रेटरी ऑफ स्टेटपदाच्या उमेदवाराने फक्त डेट्रॉईटच्या, पोस्टाने आलेल्या मतांविरुद्ध कोर्टात धाव घेतली. न्यायाधीशांनी मतदानाच्या आदल्या दिवशी ती मागणी फेटाळली. पुरावा काहीच नव्हता. आपल्या उपनगरातूनही लोकांनी पोस्टाने मतं पाठवली होती. आपल्यावर कुणी खटला भरला नाही. तेव्हा ठाणेदारांचा सत्कार कराल तेव्हा शाल-श्रीफळ जरूर द्या, पण त्यांना हेही विचारा की हायलंड पार्कच्या पाण्याचं काय करणार, डेट्रॉईटच्या बसचं काय करणार. त्यांचे मतदार ते आहेत, आपण नाही. आपण मराठीत विचारलं तर त्यांना टाळता येणार नाही, असं मला वाटतं.

मागच्या पानावर यंदा काय होतं ते सांगते. पहिला प्रस्ताव आमदारांच्या मुदतीचा आणि त्यांनी आपली मिळकत जाहीर करण्याचा. दुसरा मतदानाचा: यापुढे नऊ दिवस आधीपासून केंद्रावर जाऊन मत देता येईल, पोस्टाच्या मतपत्रिकेला तिकीट लावावं लागणार नाही, आणि निकालावर सही करणं हे मंडळाचं कर्तव्य, मर्जी नाही, हे आता राज्यघटनेत आलं. तिसरा गर्भपाताचा. त्याच्यावर मला थोडं थांबायचंय.

२४ जूनला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने गर्भपाताचा हक्क मान्य करणारा जुना निर्णय उलटवला तेव्हा मिशिगनमध्ये १९३१ चा कायदा पुस्तकात तसाच पडून होता: आईचा जीव वाचवण्याव्यतिरिक्त गर्भपात गुन्हा. कोर्टांनी स्थगिती दिली म्हणून तो लागू झाला नाही, एवढंच. तिसऱ्या प्रस्तावासाठी साडेसात लाखांच्या आसपास सह्या जमल्या. आणि ३१ ऑगस्टला राज्याच्या त्याच चार जणांच्या मंडळात २-२ अशी फूट पडून तो अडकला. कारण काय, तर छापील मजकुरात शब्दांमधली जागा कमी होती, शब्द एकमेकांना चिकटले होते. शेवटी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो मतपत्रिकेवर घ्यायला लावला. म्हणजे चाळीस लाखांवर लोकांनी उत्तर द्यायचा प्रश्न शब्दांच्या फटीत अडकून राहणार होता. सुमारे ५७ टक्के लोकांनी होकार दिला.

आपल्यात याबद्दल वेगवेगळी मतं आहेत, मला ठाऊक आहे. माझं सांगते. पान उलटून तिसऱ्या प्रस्तावासमोर आले तेव्हा मला सविता हलप्पनवार आठवली. तिचं माहेर बेळगावचं. दाताची डॉक्टर, ३१ वर्षांची, नवऱ्याबरोबर आयर्लंडला गेलेली. सतरा आठवड्यांचा गर्भ, पडणार हे नक्की झालेलं, ती आणि नवरा गर्भपात करा म्हणून विनवत होते. बाळाचे ठोके चालू आहेत म्हणून नाही म्हटलं गेलं. २८ ऑक्टोबर २०१२ ला जंतुसंसर्गाने ती गेली. बेळगावात तिच्या आईवडिलांच्या घरी बातमी पोचली तेव्हा आपण सगळे इथे हळहळलो होतो. आयर्लंडने आपली घटना बदलली ती २०१८ मध्ये, एका प्रश्नावर हो-नाहीचं मत देऊन, ६६ टक्के लोकांनी. त्याच बेळगावचा माणूस निवडून आला म्हणून आपण पेढे खातो, आणि तिथल्याच एका मुलीचा जीव ज्या प्रश्नावर गेला तो प्रश्न आपल्या हातातल्या कागदावर होता, आणि आपल्यातल्या काहींनी पान उलटलं नाही. तुम्ही नाही म्हटलं असतंत तरी मला चाललं असतं. कोरं सोडलेलं मला सहन होत नाही.

आपली मतं किती, आपल्याने काय फरक पडणार, असं कुणी म्हणतं तेव्हा मी त्यांना रॉचेस्टर हिल्स दाखवते. आपली कितीतरी घरं तिथे आहेत. तो भाग काँग्रेसच्या १०व्या मतदारसंघात येतो. जॉन जेम्स यांनी कार्ल मार्लिंगा यांना तिथे सुमारे १,६०० मतांनी हरवलं, सव्वातीन लाखांच्या आसपास मतांतून. त्याच परिसरात, ट्रॉयसकट, स्टेट सिनेटला पद्मा कुप्पा उभ्या होत्या. भारतात जन्मलेल्या, चार वर्षं स्टेट हाऊसमध्ये काम केलेल्या. मायकेल वेबर यांच्याकडून अगदी निसटत्या मतांनी हरल्या. त्या जिंकायला हव्या होत्या असं मी म्हणत नाही. पण ठाणेदारांच्या बातम्या पुढे पाठवणाऱ्या कितीजणांना त्या उभ्या होत्या हे माहीत होतं? उलट स्टेट हाऊसच्या ज्या एक-दोन जागांनी ५६ चा आकडा गाठला त्या हजाराच्या आतल्या मतांनी गेल्या. एवढी माणसं तर आपल्या गणपतीच्या आरतीला एका हॉलमध्ये असतात.

आणि लान्सिंगमधला माणूस वॉशिंग्टनमधल्या माणसापेक्षा किती जवळ आहे हेही ध्यानात घ्या. काँग्रेसमधला प्रतिनिधी पावणेआठ लाख लोकांचा. स्टेट हाऊसमधला सुमारे ९२ हजारांचा. त्याला ईमेल केलं तर बहुतेक वेळा खरंच उत्तर येतं. शाळेला किती पैसे मिळणार, रस्त्यावरचे खड्डे कधी बुजणार, बंदुकीचे नियम काय, हे तो ठरवतो. ऑक्सफर्डच्या हायस्कूलमध्ये चार मुलं गोळीबारात गेली त्याला नुकतंच, ३० नोव्हेंबरला, वर्ष झालं. आपली मुलं त्याच काउंटीतल्या शाळांत जातात. त्यांनी शाळेत दडून बसायची कवायत शिकली आहे.

स्कूल बोर्ड तर त्याहून जवळचं. दिवाळीची सुट्टी मिळावी म्हणून आमच्या भागात आपण सह्यांचा अर्ज केला होता. खूप सह्या झाल्या. बोर्डाच्या बैठकीत तीन मिनिटं बोलायला मिळतं, तिथे मी गेले तर आपल्यापैकी आम्ही चौघी होतो. बोर्डाने अर्ज ठेवून घेतला, पुढे काही झालं नाही. पुढच्या निवडणुकीत त्याच बोर्डाच्या जागा होत्या आणि उमेदवार आमच्या ग्रंथालयात येऊन लोकांना भेटले. तिथे मी एकटी होते. त्या बोर्डावर मी कसा राग धरू?

ज्यांना मत नाही त्यांच्याबद्दलही बोलायला हवं. आपल्यातले कितीतरी जण व्हिसावर आहेत, ग्रीन कार्डच्या रांगेत दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं. त्यांनी चुकूनही नाव नोंदवू नये, मत देऊ नये, तो गंभीर गुन्हा आहे आणि त्याने सगळं आयुष्य उलटंपालटं होतं. ड्रायव्हिंग लायसन्ससाठी आपण ज्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या ऑफिसात जातो तिथेच मतदार नोंदणीही होते, तेव्हा तिथे प्रश्न नीट वाचून उत्तर द्या. पण सुनावणीत बोलणं, बोर्डाच्या बैठकीला जाणं, घरातल्या नागरिक झालेल्या आईवडिलांबरोबर बसून कागद वाचणं, याला कुठलाही व्हिसा आड येत नाही. आणि इथे जन्मलेली आपली मुलं सोळाव्या वर्षापासून मतदान केंद्रावर काम करू शकतात. यंदा माझ्या टेबलावर एक सतरा वर्षांचा मुलगा होता. दुपारी एका आजोबांना त्याने स्पॅनिशमध्ये सांगितलं, आजोबा, उलटा. तो दिवसभर माझ्यापेक्षा जास्त उभा राहिला.

आपल्या मंडळांच्या कार्यकारिणींना एवढंच मागते. कुठल्याही पक्षाचा झेंडा नको, उमेदवार नको. २०२४ च्या ऑगस्टआधी आणि नोव्हेंबरआधी, आपल्या एखाद्या कार्यक्रमाच्या मध्यंतरात, अर्धा तास द्या. नमुना मतपत्रिका आधी मिळते, ऑनलाइन पत्ता घातला की आपली स्वतःची दिसते. ती छापून सगळ्यांना वाटू आणि ओळीने वाचू. कोण काय काम करतो, हा न्यायाधीश कशाचा, हा प्रस्ताव काय म्हणतो. प्रस्ताव मराठीत समजावून सांगायला मी तयार आहे, आणि माझ्याशी अजिबात न पटणारी दुसऱ्या पक्षाकडची एक मैत्रीणही तयार आहे. आम्ही दोघी शेजारी उभ्या राहू, जशा केंद्रावर राहतो.

त्या काकांकडे मी परवा गेले होते. त्यांच्या मतपत्रिकेचा नमुना छापून नेला होता, दोन्ही बाजूंचा. चष्मा लावून त्यांनी मागचं पान पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. तिसऱ्या प्रस्तावाला बराच वेळ थांबले. मग पेन मागितलं आणि त्या कागदावर, जो आता कुठेच मोजला जाणार नाही, एकेक गोल नीट काठापर्यंत भरला. मी दुसरीकडे बघत होते. झाल्यावर त्यांनी घडी करून कागद खिशात ठेवला आणि म्हणाले, पुढची कधी आहे?

तुमची,
ओकलंड काउंटीतली एक मराठी मतदार
डिसेंबर २०२२